पुंडलिकरावांच्या गाडीची वसुली

पेढ्यांचा डबा पुढे केला की कुठलाही सभ्य माणूस वरचा पेढा उचलतो. आमचे शेजारी पुंडलिकराव वाकोडे तळचा काढतात. अमरावतीत आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीचे पेढे घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो. "घ्या," म्हणालो. त्यांनी बाही वर सारली, पाचही बोटं डब्यात खुपसली, वरचे थर बाजूला केले, तळाचा एक पेढा ओढून काढला, दाबला, हुंगला आणि मग तोंडात टाकला.

"चांगला हाये," ते म्हणाले. "वरचा तं कोनीही चांगलाच ठेवते."

माझी बायको मंगला माझ्यामागे उभी होती. आता हा डबा पुढच्या घरी कसा न्यायचा, हे तिने मला डोळ्यांनीच विचारलं. आम्ही तो घरी आणून आम्हीच संपवला.

पुढे कळलं की हा उद्धटपणा नव्हता, ही नोकरी होती. पुंडलिकराव सारी हयात कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकरी कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन यायचा. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली कधी पिवळा पडलेला, कधी किडका, कधी वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला. ग्रेडरने वर बघायचंच नसतं. खांद्यापर्यंत हात बंडीच्या पोटात घालायचा, तिथला मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी ताणून धागा बघायचा आणि सरकी दाताखाली फोडायची. कट्ट वाजली तर माल कोरडा, नाही वाजली तर पाणी. त्या मुठीवर सगळ्या बंडीचा भाव ठरायचा. पुंडलिकराव निवृत्त झाले, बंड्या गेल्या, पण हाताला कोणी निवृत्त केलं नाही.

"सर, वरतून काय पाहता? पोटात हात घाला!" हे त्यांचं वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकतो. मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो म्हणून त्यांच्यासाठी 'सर'. दुसरं वाक्य म्हणजे, "कुठीतरी पानी मुरून राह्यलं." हे ते डोळे बारीक करून, आवाज खाली आणून म्हणतात. इतवारा बाजारातल्या भाजीवाल्या बाया त्यांना लांबून बघूनच टोपल्यांवर पदर टाकतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरवरची भाजी घ्यायला लागला की हे पळी धरून थांबवतात आणि तळातून घ्यायला लावतात. प्रकृतीसाठी दोन डॉक्टर आहेत. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. "दोघायचा मेळ बसते का पाहू. बसला तं औषध घेऊ," म्हणतात. मेळ अजून बसलेला नाही आणि प्रकृती ठणठणीत आहे.

एकुलत्या एका मुलीचं, वर्षाचं लग्न ठरवताना तर त्यांनी कमालच केली. मुलगा अकोल्याचा. बघण्याचा कार्यक्रम रविवारी ठरलेला. हे मंगळवारीच एकटे बसने अकोल्याला जाऊन आले. मुलाच्या घरी सरळ गेलेच नाहीत. आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बसले, मग किराणा दुकानात, मग समोरच्या घरी 'भाड्यानं खोली भेटन का' म्हणून. शेवटी बेल वाजवली तेव्हा मुलगा बनियनवर गच्चीवरची टाकी घासत होता. हे परत आले आणि सुमनकाकूंना म्हणाले, "वरतून साधारन हाये. पन पोटात चांगला निघाला. देऊन टाकू."

सुमनकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. हसऱ्या, ठेंगण्या, आणि नवऱ्याच्या संशयाची आयुष्यभर मजा घेत आलेल्या. "मले पाहाले आले तं सरकी फोडाची तेवढी राहिली होती," असं त्या आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या. वर्षा अकोल्याला गेल्यावर काकूच जायच्या तिच्याकडे. ठेच्याची बरणी, सांडगे, नातीसाठी काहीबाही पिशवीत भरून बसने निघायच्या. पुंडलिकराव त्यांना बसस्टँडवर सोडायचे आणि तिथूनच परत फिरायचे. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरी कामाशिवाय जात नाही. बारसं असेल, मुंज असेल, दुखणं असेल तर जावं, नुसतं 'आलो भेटायला' म्हणून जाऊ नये. त्यांच्या वडिलांनी ते पाळलं, आजोबांनी तर लेकीच्या गावचं पाणीही प्यायलं नव्हतं म्हणे. "बिनकामाचा गेला की मानसाचं वजन जाते," असं पुंडलिकराव मला बजावून सांगतात. मला मुलगी नाही, तरी सांगतात.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. तेव्हापासून त्या घरात पुंडलिकराव एकटे. वर्षा रोज संध्याकाळी फोन करते. आमच्या खिडकीतून ऐकू येतं. "हाव. जेवलो. बरा आहो. तू? बरी ना? ठेवतो मंग." एवढंच. 'इकडे राहायला या बाबा' असं ती सांगून थकली. निदान महिन्यातून एकदा या म्हणाली, तर हे म्हणाले, "काम निघालं तं येईन." काम निघत नव्हतं. अकोल्याला सगळे धडधाकट होते. फोन ठेवल्यावर ते फाटकापाशी येऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहतात, हे मंगलाने मला दाखवलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

अशात एके सकाळी ते आमच्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सर, हायब्रिड गाडी परवडते का?"

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्याकडे एक जुनी लहान गाडी होती. ती पावसाळ्यात झाकलेली असायची आणि उन्हाळ्यात धूळ बसू नये म्हणून झाकलेली असायची. ज्या माणसाने आयुष्यात कधी नव्या पद्धतीचा नळ बसवून घेतला नाही, त्याला हायब्रिड गाडी हवी होती. डोळे बारीक करायची पाळी आता माझी होती.

"का हो? अचानक?"

"अचानक काहून? विचारून राह्यलो. पेट्रोल किती महाग झालं!"

चौकशीला सुरुवात झाली आणि अर्थातच ती त्यांच्या पद्धतीने झाली. भातकुलीला त्यांच्या साडूच्या पुतण्याने हायब्रिड घेतली होती. मला स्कूटरवर मागे बसवून हे न कळवता तिथे जाऊन धडकले. पुतण्या गाडीचं कौतुक सांगायला लागला तर हे उठून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्या बायकोला विचारलं, "बाई, खरं सांग. गाडी कशी हाये?" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मालकाले कधी इचारू नये सर. त्यानं पैसे देल्ले असते, तो चांगलंच म्हनन. बायको खरं सांगते." बायकोने गाडी चांगली आहे असं सांगितलं होतं. त्यावर यांचं मत पडलं की बायकोला पढवून ठेवलेलं दिसतं.

मग आम्ही बडनेरा रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. तिथे मयुरी नावाची एक चुणचुणीत मुलगी आमच्या वाट्याला आली. तिने 'या काका, बसा काका' म्हणत थंड पाणी दिलं. पुंडलिकरावांनी पाणी वास घेऊन प्यायलं.

"बॅटरी कुठी हाये?"

"मागच्या सीटखाली, काका."

पुढच्या क्षणी पुंडलिकराव मागच्या सीटवर आडवे होते आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सीटखाली होता. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. मी एका भिंतीवरचं टायरचं चित्र लक्ष देऊन बघत उभा राहिलो.

"चार्जर कुठी लावाचा?"

"लावायचाच नाही काका. हिच्यात इंजिन पण आहे आणि मोटर पण. चालताना, ब्रेक मारताना बॅटरी आपोआप भरते."

आपोआप! पुंडलिकरावांपुढे हा शब्द कधी काढू नये, हे त्या बिचारीला कोण सांगणार? ते हात झटकत बाहेर आले.

"पोरी, आपोआप फक्त गाजरगवत वाढते. बाकी साऱ्याले पैसे लागते. ब्रेक मारल्यानं बॅटरी भरते म्हन्ते तू. मंग जो जास्त ब्रेक मारन तो जास्त कमावन? अमरावतीत तं सारेच करोडपती व्हाले पाहिजे."

मयुरीने न चिडता समजावलं. नंतर आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. राजकमल चौकाच्या गर्दीत गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं. पुंडलिकराव म्हणाले, "बंद पडली." मयुरी म्हणाली, "चालू आहे काका." हे भर चौकात दार उघडून उतरले आणि मागे जाऊन सायलेन्सरजवळ हात धरून उभे राहिले. मागच्या रिक्षावाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ते शांतपणे परत येऊन बसले. "धूर नाही," म्हणाले. "कुठीतरी पानी मुरून राह्यलं."

परत येऊन वॉरंटीचं पुस्तक मागवलं. ते शेवटच्या पानापासून वाचलं, कारण वाईट गोष्टी मागेच लपवतात. मग मुख्य मुद्दा निघाला. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा ही तीनेक लाखांनी महाग. पेट्रोल वाचणार ते किलोमीटरमागे दोन-तीन रुपये.

"काका, तुमचं महिन्याचं रनिंग किती?" मयुरीने विचारलं.

"ते राहू दे. किती झालं तं परवडते ते सांग."

असा उलटा प्रश्न मी आजवर ऐकला नव्हता. लोक विचारतात, मी एवढी चालवतो, मला परवडेल का. हे विचारत होते, परवडण्यासाठी मी किती चालवू. मी तिथेच आकडेमोड केली. भाजीबाजार, अंबादेवी आणि दोन डॉक्टर एवढ्याच फेऱ्या मारल्या तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला एक जन्म पुरणार नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं. साधी गाडी घ्या, किंवा घेऊच नका, रिक्षाने फिरा, राजासारखे फिराल.

"म्हंजे चालवनं वाढवा लागन," ते विचारात पडल्यासारखं म्हणाले. "अकोल्याले-बिकोल्याले जा लागन. दर आठवड्याले."

मयुरी प्रामाणिक मुलगी. ती म्हणाली, "पण काका, खरं सांगू का? हायब्रिडचा फायदा शहरात जास्त होतो. सिग्नल, ब्रेक, गर्दी. अकोल्याच्या हायवेवर एकसारखी पळवली की पेट्रोलमध्ये तेवढा फरक नाही पडत. वसूल व्हायला फारच वेळ लागेल."

मी पुंडलिकरावांकडे बघितलं. आता ते उसळणार, 'पाह्यलं का सर, निघालं ना पानी' म्हणणार, याची मला खात्री होती. पण ते खाली वाकून गाडीतल्या पायपुसण्याचा कोपरा सरळ करत होते. ऐकलंच नाही जणू. मी कानाशी जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "हो हो. रंग कोनते कोनते हाये?"

हा माणूस पेढ्याचा तळ सोडत नाही आणि लाखांच्या व्यवहारात समोर वाढून ठेवलेली खोट त्याला दिसत नाही? आता कुठेतरी पाणी नक्कीच मुरत होतं, आणि ते गाडीत मुरत नव्हतं. मंगलाला मी हे सांगितलं तर तिलाही संशय आला. दोनच दिवसांत कॉलनीतल्या बायकांनी ठरवून टाकलं की वाकोड्यांनी अकोल्याला एखादी विधवा बाई बघून ठेवली आहे.

पाडव्याला गाडी आली. पांढरी. पुंडलिकरावांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, शोरूमने दिलेल्या मिठाईच्या डब्यातला तळचा पेढा काढून खाल्ला. आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. फाटकापाशी मी विचारलं, "कुठे?"

"अकोल्याले. वसुली कराले."

तेव्हापासून दर रविवारी हेच. 'वसुली' हा शब्द अशा कडक आवाजात उच्चारायचे की वाटावं, हे कोणाच्या घरावर जप्ती आणायला चालले आहेत. तिकडेही म्हणे दारात पाऊल ठेवताच सांगतात, "भेटाले नाही आलो. गाडी चालवा लागते, नाहीतं तीन लाख बुडाले."

एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. मूर्तिजापूरला थांबून आम्ही चहा घेतला. पुढे अकोल्यात त्यांच्या मुलीच्या गल्लीत वळलो तेव्हा वर्षा फाटकात उभीच होती.

"पाहा सर, दर खेपेचंच हाये," पुंडलिकराव कुजबुजले. "गाडीचा आवाज तं येत नाही. मंग इले कसं समजते? मी निघतानी फोनही नाही करत."

फाटकाच्या आत एक खुर्ची टाकलेली होती. खुर्चीवर ताट आणि ताटात अर्धी निवडलेली मेथी. गल्लीकडे तोंड करून तिथे ती सकाळपासून बसली असावी. पुंडलिकराव ताटाजवळून तसेच पुढे गेले.

"वसुलीले आलो," त्यांनी जाहीर केलं.

"या बाबा. या सर," वर्षा हसली. अगदी काकूंसारखं हसली.

घरात गेल्यावर बैठकीत कोण बसतंय! ते थेट स्वयंपाकघरात गेले. गव्हाच्या कोठीत हात घालून गहू वर काढला, दाताखाली फोडला. डाळीच्या डब्याचा तळ बघितला. फ्रिज उघडून औषधं नाहीत ना ते बघितलं. नातीला बाजूला घेऊन विचारलं, "माय दुपारी झोपते का? खोकते का?" मग स्टुलावर बसून वर्षा पोळ्या लाटत असताना तिच्याकडे बघत राहिले.

"बरी आहेस?"

"बरी आहो, बाबा."

ते उठून तिच्याजवळ गेले, तिचा पिठाने माखलेला हात हातात घेतला, नखं उजेडाकडे धरून बघितली, खालची पापणी अंगठ्याने ओढून डोळा बघितला. तिने लाटणं बाजूला ठेवून मुकाट्याने बघू दिलं. तिला सवय झाली असावी. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर येऊन नातीशी पत्ते खेळत बसलो.

निघताना वर्षा म्हणाली, "बाबा, बुधवारीही येत जा ना. वसुली लवकर होईन."

"काहून?" पुंडलिकरावांचे डोळे बारीक झाले. "बुधवारी काय हाये?"

"काही नाही. मेथी असते," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना काळी रानं होती आणि गाडी आवाज न करता पळत होती. बोरगाव मागे गेल्यावर ते एकाएकी बोलायला लागले, रस्त्यावरची नजर न काढता.

"फोनवर वरचा कापूस दिसते, सर. 'बरी आहो बाबा, बरी आहो.' त्याच्यावर काय भाव लावाचा?" मग म्हणाले, "सुमनही रोज म्हने, बरी आहो. त्याच घरात, त्याच ओट्यावर बसून म्हने. मी लोकायच्या बंड्यायत हात घातला, पेढ्यात घातला. तिचे डोये पिवये झाल्ते, ते मले दुसऱ्यानं सांगतलं."

इतकी वर्षं या माणसाच्या हाताची मी चेष्टा करत आलो होतो. मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

ट्रक मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "सर, बुधवारीही गेलो तं लवकर वसूल होईन ना?"

"निम्म्या वेळात."

"अन् वसूल झाल्यावर?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मंग कोन्या तोंडानं जाचं?"

कॉमर्सच्या माणसाला सहसा कोणी असं विचारत नाही. मला मयुरी आठवली.

"वसूल होणारच नाही, पुंडलिकराव. त्या मुलीने सांगितलं होतं ना, हायवेवर फायदा नाही. तुम्ही आठवड्यातून दोनदा जा नाहीतर चारदा जा, ही गाडी तुमच्या हयातीत वसूल होत नाही."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

मी वाट बघत होतो की आता ते दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं म्हणतील, भातकुलीला चला म्हणतील. पण मूर्तिजापुरात गाडी थांबवून त्यांनी खिडकीतूनच दोन चहा सांगितले आणि माझा कप हातात देत म्हणाले, "बुधवारी तुमाले काम नसन तं चला. मेथी हाये म्हन्ते."